मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

‘मुंबईहून न्यूयॉर्कला किती तास लागतात?’ असं चार जणांना विचारलं तर साडेपाच, सोळा, वीस आणि एकोणतीस अशी चार उत्तरं येऊ शकतात, आणि चौघांपैकी कोणीही खोटं बोलत नसतो. एकाने तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी केलेली असते. दुसरा विमान हवेत असतं तेवढेच तास सांगतो, तिसरा दुबईतला थांबा धरतो आणि चौथा पुण्यातल्या घराला कुलूप लावल्यापासून न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरात पाय ठेवेपर्यंतचा हिशेब देतो. घोटाळा तेव्हा होतो जेव्हा एक आकडा ऐकून दुसऱ्याचं नियोजन केलं जातं. गाडी चुकीच्या वेळी बोलावली जाते, गोळ्या चुकतात, घ्यायला येणारा मुलगा चुकीच्या दिवशी रजा टाकतो.

खाली मुंबई–न्यूयॉर्क हीच जोडी घेऊन सगळा हिशेब केला आहे. शहरं बदला, रीत तीच राहते. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नका. बहुतेक चुका थेट चौथ्या टप्प्याला हात घातल्याने होतात.

## टप्पा १: आधी विमानतळ नक्की करा

अंतर आणि वेळ दोन विमानतळांमधली असते, दोन शहरांमधली नाही. हा फरक पूर्वी मुंबईकरांना जाणवायचा नाही. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आणि आता तिकिटावरचा तीन अक्षरी कोड वाचणं भाग आहे. बीओएम म्हणजे सांताक्रूझ–अंधेरीचा जुना विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. नागपूर, गोवा किंवा कोल्हापूरहून मुंबईत उतरून पुढे परदेशी जाणाऱ्यांनी हे दोनदा बघावं. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर मधे मुंबईची वाहतूक येते.

तिकडेही तीच गोष्ट. न्यूयॉर्कसाठी जेएफके, ईडब्ल्यूआर आणि एलजीए असे तीन कोड दिसतील. ईडब्ल्यूआर म्हणजे नुअर्क, आणि ते न्यू जर्सीत आहे. मुलगी एडिसनला राहत असेल तर नुअर्कहून घर जवळ पडतं. जेएफकेवरून जायचं तर न्यूयॉर्क शहराची वाहतूक पार करावी लागते. एलजीए म्हणजे लाग्वार्डिया. भारतातून तिथे थेट कोणी उतरत नाही, पण दोन तुकड्यांच्या तिकिटात ते मधेच डोकावतं.

तपासा: कागदावर निघण्याच्या आणि उतरण्याच्या विमानतळाचा कोड, टर्मिनल आणि प्रत्येक थांब्याचा कोड लिहिला का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: अंतर मोजा, पण सपाट नकाशावर नाही

भिंतीवरच्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. या रेघेने गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर भरतात. पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत जवळची वाट, म्हणजे बृहद्वृत्त, त्यापेक्षा साधारण १,६५० किलोमीटरने कमी आहे. ही वाट मुंबईहून पश्चिमेला न वळता जवळपास उत्तरेकडेच निघते. सौराष्ट्र–कच्छ, पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, रशियात सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, नॉर्वेत ट्राँडहाइमजवळून, आइसलंडच्या दक्षिण भागावरून, ग्रीनलंडच्या खालच्या टोकाशी आणि मग कॅनडावरून खाली न्यूयॉर्कला. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा, तो हीच वाट दाखवेल.

मोजण्याची सोपी रीत: संगणकावर गूगल मॅप्स उघडा, निघण्याच्या विमानतळावर राइट क्लिक करा, अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि उतरण्याच्या विमानतळावर क्लिक करा. रेघ वाकडी दिसेल. ती तशीच दिसायला हवी.

स्वतः गणित करून बघायचं असेल तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचं काम आहे.

१. दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश घ्या. मुंबई: १९.१ उत्तर, ७२.९ पूर्व. जेएफके: ४०.६ उत्तर, ७३.८ पश्चिम.

२. एक रेखांश पूर्व आणि दुसरा पश्चिम असेल तर बेरीज करा: ७२.९ + ७३.८ = १४६.७. दोन्ही एकाच बाजूचे असतील तर वजाबाकी. बेरीज १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करा.

३. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७२ × ०.६५०८ = ०.२१२९.

४. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन, तिघांचा गुणाकार: ०.९४४९ × ०.७५९३ × (−०.८३५८) = −०.५९९७.

५. दोन्हींची बेरीज: −०.३८६८. हिचा उलटा कोसाइन (cos⁻¹) काढा: ११२.७६ अंश.

६. एका अंशाला १११.२ किलोमीटर. ११२.७६ × १११.२ = सुमारे १२,५४० किलोमीटर.

सुरुवातीलाच साइन ३० काढून बघा. उत्तर ०.५ आलं नाही तर कॅल्क्युलेटर रेडियनवर, म्हणजे कोनाच्या दुसऱ्या एककावर आहे. तो अंशांवर आणा, नाहीतर पुढचा प्रत्येक आकडा कचरा.

इथे हमखास होणारी चूक: पश्चिम रेखांश पूर्व समजून वजाबाकी करणं. मुंबई–न्यूयॉर्कच्या बाबतीत ही चूक फारच गमतीची ठरते, कारण ७२.९ आणि ७३.८ हे आकडे जवळजवळ सारखे आहेत. वजाबाकी केली तर फरक ०.९ अंश उरतो, अंतर २,३९० किलोमीटर येतं आणि तुमचं न्यूयॉर्क किर्गिझस्तानातल्या ओश शहराच्या पूर्वेला डोंगरात जाऊन पडतं. स्प्रेडशीटमध्ये पश्चिम रेखांशापुढे वजा चिन्ह विसरलं की नेमकं हेच होतं.

दुसरी चूक एककाची. १२,५४० किलोमीटर म्हणजे साधारण ७,७९० मैल आणि ६,७७० सागरी मैल. वैमानिक सागरी मैल वापरतात, अमेरिकेतले नातेवाईक साधे मैल सांगतात. आकड्याशेजारी एकक लिहिल्याशिवाय कागदावर उतरवू नका.

## टप्पा ३: अंतरावरून हवेतल्या वेळेचा अंदाज

लांब पल्ल्याची विमानं ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. म्हणून १२,५४० ला ९०० ने भागून ‘चौदा तास’ म्हणणारे बरेच भेटतात. तीन गोष्टी सुटतात.

पहिली, विमान बृहद्वृत्तावरून तंतोतंत जात नाही. ते हवाई मार्गांनी जातं, आणि मधल्या देशांनी आकाश उघडं ठेवलं असेल तरच. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, आठवड्याभरात भारतानेही पाकिस्तानी विमानांना बंद केलं, आणि मग ही मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. वर दिलेली वाट पुन्हा बघा, कच्छनंतर लगेच पाकिस्तान लागतो. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकी आणि बहुतेक युरोपीय कंपन्यांना बंद आहे, एअर इंडियाला मात्र तिथून जाता येतं. म्हणजे त्याच दोन शहरांमधलं त्याच दिवशीचं अंतर कंपनीगणिक वेगळं असू शकतं.

दुसरी गोष्ट वारा. मध्य अक्षांशांवर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. अमेरिकेला जाताना ते बहुतेक समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून जाणं लांब आणि येणं आखूड, बहुधा तासा-दीड तासाच्या फरकाने. दोन्ही बाजूंना सारखाच वेळ धरणं ही चूकच.

तिसरी गोष्ट, तिकिटावरचा वेळ गेटवरून मागे सरकण्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, चढणं, उतरणं हे त्यात आलं.

अंदाजासाठी हे चालतं: अंतरात ५ ते ८ टक्के वाढवा, ८७० ने भागा, वर ३५ ते ४० मिनिटं घाला. १२,५४० चे साधारण १३,३०० होतात, भागाकार १५.३ तास, वरची मिनिटं धरून सोळाच्या जवळ. परतीला याच आकड्यातून एक ते दीड तास काढा.

तपासा: फ्लाइटरडार२४ सारख्या साइटवर तुमच्या फ्लाइट नंबरची गेल्या आठवड्याची उड्डाणं बघा. तुमचा अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ यात दोन तासांहून जास्त फरक असेल तर मार्ग बदललेला आहे किंवा मधे थांबा आहे. ‘डायरेक्ट’ लिहिलेलं विमान मधे उतरू शकतं, फक्त फ्लाइट नंबर बदलत नाही. कुठेही न उतरणारं हवं असेल तर ‘नॉनस्टॉप’ शब्द शोधा.

## टप्पा ४: घड्याळांचा हिशेब

गाडी सगळ्यात जास्त अडते ती इथे. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. समजा, तिकिटावर असं आहे: मुंबई १५ जानेवारी ०२:००, न्यूयॉर्क १५ जानेवारी ०७:३०. नुसती वजाबाकी केली तर साडेपाच तास. परतीचं: न्यूयॉर्क २० जानेवारी १२:००, मुंबई २१ जानेवारी १३:००. वजाबाकी पंचवीस तास. दोन्ही उत्तरं निरर्थक आहेत.

रीत एकच ठेवा: सगळ्या वेळा भारतीय वेळेत आणा, मगच वजाबाकी.

हिवाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या १० तास ३० मिनिटं मागे असतं. ०७:३० मध्ये १०:३० मिळवा, १५ जानेवारीचे १८:०० होतात. ०२:०० पासून १८:०० पर्यंत १६ तास. परतीला १२:०० मध्ये १०:३० मिळवले की २० तारखेचे २२:३०. तिथून दुसऱ्या दिवशीच्या १३:०० पर्यंत साडेचौदा तास.

पडताळणी अशी करा. नुसत्या वजाबाकीची दोन चुकीची उत्तरं मिळवा: ५.५ + २५ = ३०.५. बरोबर उत्तरं मिळवा: १६ + १४.५ = ३०.५. दोन्ही बेरजा जुळायलाच हव्यात, कारण जाताना घड्याळातले जे तास मिळतात तेच येताना परत द्यावे लागतात. जुळल्या नाहीत तर कुठेतरी मिळवण्याऐवजी वजा केलं आहे, किंवा दोन प्रवासांच्या मधे तिकडचं घड्याळ बदललं आहे.

होय, तिकडचं घड्याळ बदलतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. २०२६ मध्ये या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. मधल्या काळात न्यूयॉर्क भारताच्या साडेनऊ तासच मागे असतं. वरच्याच वेळा जुलैच्या तिकिटावर असत्या तर प्रवास १५ तासांचा ठरला असता. युरोपचं घड्याळ वेगळ्या दिवशी हलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे मार्चच्या मध्यात जात असाल तर पाठ असलेले फरक बाजूला ठेवा. दुबई मात्र बारा महिने भारताच्या दीड तास मागे आणि दोहा अडीच तास मागे, तिथे भानगड नाही.

सावधान, तारीख: ‘१५ जानेवारी ०२:००’ म्हणजे १४ तारखेच्या जेवणानंतरची रात्र. भारतातून अमेरिकेला जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि १५ च्या रात्री बॅगा घेऊन विमानतळावर पोचणारे लोक खरोखर असतात. विमान तेव्हा न्यूयॉर्कला पोचून बराच वेळ झालेला असतो. कॅलेंडरवर ‘१४ ची रात्र’ असंच लिहा. तिकिटावर वेळेशेजारी छोटं ‘+१’ दिसलं तर ते दुसऱ्या दिवशी पोचण्याची खूण आहे, त्याला गोल करा.

## टप्पा ५: थांबा असेल तर

थांब्यामुळे अंतर फार वाढतं ही समजूत तपासून बघू. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई–जेएफके ११,०१०. बेरीज १२,९४०. नॉनस्टॉपपेक्षा फक्त ४०० जास्त. लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे तर १२,७६० च्या आसपासच. ही शहरं जवळच्या वाटेपासून फार लांब नाहीत. याउलट सिंगापूरमार्गे गेलात तर १९,००० च्या पुढे, आणि स्वस्त तिकिटांच्या यादीत असली वाट कधीकधी वर दिसते. तिकीट स्वस्त म्हणून भुलण्याआधी वाट नकाशावर बघा.

वेळ जातो तो जमिनीवर. दुबईमार्गे हवेतले तास साधारण साडेसतरा. तीन तासांचा थांबा धरला की एकूण वीस-एकवीस. थांबा आठ तासांचा असेल तर पंचवीस-सव्वीस. हिशेबाची रीत चौथ्या टप्प्यातलीच: थांब्याची पोचण्याची आणि सुटण्याची वेळ दोन्ही भारतीय वेळेत आणा.

थांबा किती असावा? एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असतील तर दीड तासाचा थांबाही कंपनी विकते आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोयही तीच करते. ज्येष्ठांसाठी, व्हीलचेअर मागितली असेल तर, मी तीन तासांखाली जाणार नाही. दोन वेगळी तिकिटं स्वतः जोडली असतील तर गोष्ट पूर्ण निराळी: बॅगा बहुधा मधे उतरवून पुन्हा द्याव्या लागतात, त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो, आणि पुढचं विमान चुकलं तर भुर्दंड तुमचा. दोन-चार हजार रुपयांसाठी आईवडिलांना या फंदात पाडू नका.

अबू धाबीमार्गे जाताना एक वेगळेपण आहे. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच उरकते. उतरल्यावरची रांग वाचते, पण थांबा त्या मानाने मोठा हवा. इतर बहुतेक वाटांनी गेलात आणि अमेरिकेत आणखी एक विमान पकडायचं असेल, समजा न्यूयॉर्कहून डॅलस, तर पहिल्याच अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशन, मग बॅगा ताब्यात घेणं, कस्टम आणि बॅगा पुन्हा देणं हे सगळं करावं लागतं. ‘बॅगा थेट डॅलसला टाकल्यात’ असं मुंबईच्या काउंटरवर ऐकलं तरी. पट्ट्यावर बॅगा सोडून पुढे निघून जाणारे इथेच फसतात. या थांब्याला तीन-चार तास ठेवा.

## टप्पा ६: दारापासून दारापर्यंत

आता सगळं एकत्र, उलट्या क्रमाने. विमान १५ जानेवारीच्या ०२:०० ला. अमेरिकेच्या विमानांना कागदपत्रांची तपासणी जास्त असते, काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून चार तास आधी, म्हणजे १४ च्या रात्री १० ला मुंबईच्या टर्मिनल २ वर. कोथरूडहून विमानतळ साधारण दीडशे किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर साडेतीन तासांत होतं, पण खंडाळ्याचा घाट आणि मुंबईत शिरतानाची संध्याकाळ लक्षात घेता पाच तास धरा. म्हणजे घरातून संध्याकाळी ५ ला निघायचं.

पलीकडे ०७:३० ला उतरलात. इमिग्रेशन, बॅगा, कस्टम यांना दोन तास: ०९:३०. जेएफके ते एडिसन सकाळच्या गर्दीत दोन तास: ११:३०. भारतात तेव्हा रात्रीचे १० वाजलेले असतात. १४ च्या संध्याकाळी ५ पासून १५ च्या रात्री १० पर्यंत एकोणतीस तास. सोळा तासांचं विमान, एकोणतीस तासांचा प्रवास.

या एकोणतीस तासांचा एक उभा तक्ता करा. डावीकडे भारतीय वेळ, मधे स्थानिक वेळ, उजवीकडे काय घडतं ते. रोजच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी हाच तक्ता डॉक्टरांना दाखवून डोस कधी घ्यायचे ते विचारून त्यात लिहून आणावं. डॉक्टरांना ‘अमेरिकेला चाललोय’ एवढंच सांगितलं तर त्यांना काही ठरवता येत नाही. किती तास उलटणार आणि जेवणं कधी मिळणार हे कळलं तर येतं. औषधं हातातल्या बॅगेत.

## टप्पा ७: निघायच्या आदल्या दिवशी

कंपनीच्या ॲपवर पीएनआर टाकून वेळ पुन्हा बघा. तीन महिन्यांपूर्वी काढलेल्या तिकिटाची वेळ मधल्या काळात बदललेली असू शकते, आणि त्याचा ईमेल बहुधा ज्याने तिकीट काढलं त्याला गेलेला असतो, प्रवास करणाऱ्याला नाही. एजंटने काढलं असेल तर एजंटला फोन करा.

हातातलं घड्याळ विमानात बसेपर्यंत बदलू नका. थांब्याच्या गावी बोर्डिंगची वेळ भिंतीवरच्या पडद्यावरून घ्या. फोन फ्लाइट मोडवर असला तर स्थानिक वेळ आपोआप घेईलच असं नाही.

घ्यायला येणाऱ्याला निरोप पाठवताना ‘परवा सकाळी पोचतोय’ असं लिहू नका. त्याचा परवा वेगळा असू शकतो. फ्लाइट नंबर, उतरण्याचा विमानतळ आणि टर्मिनल, तिकडची तारीख, तिकडची वेळ, एवढं एका ओळीत पाठवा. आणि त्याला सांगा, वेळेवर विमान उतरलं तरी बाहेर यायला दोन तास लागतील, तेव्हा पार्किंगचं मीटर आधीपासून चालू करू नकोस.